आमसुली साडीची घडी

टूर कंपनीने पाठवलेल्या कागदावर कपड्यांबद्दल दोनच ओळी होत्या. दिवसा सुटसुटीत कपडे आणि पायांत बूट. संध्याकाळी किंचित ठेवणीतले. एवढ्यावरून आमच्या घरात दीड महिना जो गोंधळ चालला, तो पुढे माझ्या लग्नातसुद्धा झाला नाही.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. बाबा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि निरोप समारंभातला हार-नारळ टेबलावर ठेवता ठेवता त्यांनी जाहीर केलं की मे महिन्यात आपण दोघं युरोपला जायचं. दोघं म्हणजे ते आणि आई. माझी नोकरी नवी होती, रजा मिळणार नव्हती. त्यामुळे मी माझी सगळी हौस आईच्या कपड्यांवर भागवायचं ठरवलं.

फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारून मी एक तक्ता केला. गाव, दिवसाचे कपडे, संध्याकाळचे कपडे. अकरा दिवसांच्या अकरा ओळी. तो कागद आतल्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर, आरशाच्या शेजारी चिकटपट्टीने लावला. त्यात बाबांना रकाना नव्हता. त्यांच्या दोन पँट आणि सहा शर्ट, संध्याकाळी तोच शर्ट नीट खोचायचा, एवढ्यात त्यांचा युरोप आटोपत होता.

खरा प्रश्न आईचा होता. तिने उभ्या जन्मात साडीशिवाय काही अंगाला लावलं नव्हतं. बर्फाच्या डोंगरावर साडीत जाता येणार नाही हे तिला पटवायला मला आठ दिवस लागले आणि ते पटल्यावर पंजाबी ड्रेस घालून खोलीबाहेर यायला तिला आणखी आठ दिवस लागले. मेनरोडवरून आम्ही चार ड्रेस आणले, पांढरे बूट आणले. ती ते सगळं घालून बाहेर आली तेव्हा बाबा पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "कोण पाहिजे आपल्याला?" आई तशीच उलट्या पावली आत गेली. मग मी बाबांशी एक पूर्ण दिवस बोलले नाही.

तिला चालण्याची सवय व्हावी म्हणून मी तिला पहाटे जॉगिंग ट्रॅकवर न्यायची. बूट तिला मनापासून आवडले, ओढणी मात्र जमेना. हात ओले झाले की तिचा हात पदराकडे जायचा आणि हवेतच राहायचा. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचायला जागा नाही, घाम टिपायला पदर नाही. "या कपड्यांत बाईचे हात मोकळे राहतात म्हणतात," ती म्हणाली, "पण मोकळे राहून करायचं काय त्यांनी?"

दिवसाचे रकाने असे रडतरखडत भरले. संध्याकाळच्या रकान्यांत तिच्या नेहमीच्या साड्या लिहिल्या. फक्त पॅरिसच्या ओळीपाशी मी अडले. तिथे नदीत बोटीवर जेवण होतं आणि कागदावर त्यापुढे चांदणी काढलेली होती. म्हणजे तिथे नवी साडीच हवी, असं मी फर्मान काढलं. आई नको म्हणत होती. तिचं नको मी नेहमीसारखं कानाआड केलं आणि तिला एसटीत घालून येवल्याला नेलं.

येवल्यात विणकराच्या ओट्यावर बसून आम्ही दीड-दोन तास साड्या पाहिल्या. आई एकेक पदर हातात घेऊन डोळे बारीक करायची आणि खाली ठेवायची. शेवटी एक आमसुली साडी तिने उचलली. भिजवलेल्या आमसुलाचा असतो तो गडद रंग, बारीक जरीचे काठ. ती साडी तिने स्वतःच्या खांद्यावर टाकली नाही, आरशातही पाहिलं नाही. नुसती समोर धरली आणि म्हणाली, "ताईंना काय खुलेल ही!"

ताई म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. हे वाक्य ऐकून मला नवल वाटलं नाही, कारण आईची साडीखरेदी कायम अशीच असायची.

आमच्याकडे नव्या साडीची घडी आपण स्वतः मोडायची नसते. आपल्या माणसाला द्यायची. तिने ती आधी दिवसभर नेसायची, मग आपण. पिको-फॉलला साडी उलगडते ते घडीत धरत नाहीत, अंगावर नेसली की घडी मोडली. तीस वर्षं आईच्या प्रत्येक साडीची घडी आत्याने मोडली होती. याची सुरुवात मोठी मजेशीर झाली होती. आई नवी नवरी असताना पहिल्या दिवाळीला तिच्या माहेरून साडी आली, आणि आत्याने ती न विचारता काढली आणि नेसून गावभर हिंडून आली. आई न्हाणीघरात जाऊन रडली. नणंद साडी लाटते आहे असं तिला वाटलं. संध्याकाळी आत्याने साडी परत दिली. पदराच्या टोकाला मूठभर तांदूळ बांधलेले होते. "रिकामी द्यायची नसती," ती म्हणाली. "घे, मोडली घडी. आता बिनधास्त नेस."

तेव्हापासून आई नवी साडी घेतली की पिशवी उचलून घोटीला जायची. आत्याच्या घराला लागून त्यांची भाताची गिरणी होती. आत्या साडी नेसून गिरणीत जायची, बाजारात जायची, देवळात जायची आणि परत देताना पदरात तांदूळ बांधायची. त्या साड्यांना गिरणीतल्या कोंड्याचा वास यायचा. आई ती न धुता पहिल्यांदा नेसायची. माझी आई तशी बुजरी. नवं काही अंगावर घातलं की सगळं जग आपल्याकडेच बघतं आहे असं तिला वाटायचं. आत्याने नेसलेली साडी मात्र तिला नवी वाटायची नाही, आपली वाटायची. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मी तिला जन्मापासून ओळखते, मला कळतं.

एक गोष्ट मात्र मला कळली नव्हती. त्याच्या दीड वर्ष आधी आतोबा गेले होते. त्यानंतर आईने एकही नवी साडी घेतली नव्हती. लग्नाकार्यात मिळालेल्या साड्यासुद्धा तिने कपाटाच्या वरच्या फळीवर तशाच ठेवल्या होत्या. येवल्याला ती नको नको का म्हणत होती, ते मला घोटीच्या ओसरीवर बसल्यावर समजलं.

आम्ही एप्रिलमध्ये गेलो. आत्या ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. चहा झाला. आईने पिशवी तिच्यापुढे सरकवली. आत्याने हात पुसून पिशवीत डोकावलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आमसुली व्हय गं! लय झ्याक हाय." तिने काठावरून बोटं फिरवली. मग हात काढून घेतला आणि पिशवी परत आईकडे ढकलली. "पर आता माझ्या हातून नको बाई."

"का नको?" आई म्हणाली.

"का ते तुला म्हाईत हाय. एखाद्या सवाष्णीला दे."

"मी कधी दुसऱ्या कुणाला दिली आहे का, ताई?"

"इथल्या इथं कुठं लग्नाला जायचं असतं तर येगळं. तू माझ्या भावाला घेऊन इमानात बसणार. एवढ्या लांब परमुलखात जाणार. तिथं काय कमी-जास्त झालं तर मी जन्मभर सोताला काय म्हणून घेऊ?"

माझं डोकं फिरलं. "आत्या, विमान पायलट चालवतो, साडी नाही चालवत," मी म्हणाले.

आत्या खो खो हसली. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, पण साडीला हात लावला नाही. मग मी बरंच बोलले. कुठल्या काळात राहता, असले खुळचट समज, वगैरे वगैरे. जे काही चार बुकं शिकलेली पोरगी म्हणते ते सगळं मी त्या ओसरीवर म्हणून घेतलं. आत्या मान खाली घालून तांदळातले खडे वेचत राहिली. आईने पिशवी उचलली आणि "येतो आम्ही," एवढंच म्हणाली.

परतीच्या एसटीत आईने पिशवी मांडीवर धरली होती. मी विल्होळी येईपर्यंत बोलतच होते. शेवटी ती म्हणाली, "झालं तुझं? तिला भीती वाटते गं. तू ओरडल्याने ती जाणार आहे का?"

पुढचे पंधरा दिवस ती साडी आमच्या घरात पाहुण्यासारखी राहिली. शेजारच्या काकू आपण होऊन म्हणाल्या, द्या, मी मोडते घडी, पण आईने हसून विषय बदलला. बाबा म्हणाले, "तू सरळ नेस. मी सांगतो, काही होत नाही." आई म्हणाली, "होणार काहीच नाही, ते मलाही माहीत आहे." एकदा मी वैतागून म्हटलं, आण इकडे, मीच नेसते. त्यावर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने भाजी चिरायला बसले. एवढी बुजरी बाई, पण या एका बाबतीत तिच्यापुढे कुणाचं काही चालेना. मला तिचा राग येत होता. माझ्या सुंदर तक्त्याची वाट लागणार, हे माझं दुःख होतं. आईचं आतलं दुःख वेगळं आहे हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही, पण ते पाहायला मला फुरसत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी बॅग कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन तोलली आणि परत येऊन घोषणा केली की वजन जास्त भरतंय. बॅग उघडली. मेतकूट, दशम्या, चिवडा, लाडू, माझे चार ड्रेस म्हणजे आईचे चार ड्रेस, स्वेटर, कानटोप्या. आणि तळाशी आमसुली साडी, मलमलच्या कापडात गुंडाळलेली. तिच्या शेजारी आईची जुनी वांगी रंगाची साडीही होती, आत्यानेच कधीकाळी घडी मोडलेली.

"नेसायची नाही तर नेतेस कशाला?" बाबा म्हणाले.

"येऊ दे तिला," आई म्हणाली. जणू साडीने हट्ट धरला होता. तिने चिवडा आणि लाडू दोन्ही काढून ठेवले आणि बॅग बंद केली. बाबांना लाडवांचं फार वाईट वाटलं. ते दोन आठवडे मी खाल्ले.

मी तक्त्याची झेरॉक्स काढून आईच्या पर्समध्ये ठेवली होती. मूळ कागद कपाटावरच राहिला. झेरॉक्सवर पॅरिसपुढे माझ्या अक्षरात 'आमसुली' असं ठळक लिहिलेलं होतं आणि विमानतळावर जाणाऱ्या गाडीत बसताना मी तिला शेवटचं बजावलं, "बोटीवर आमसुलीच नेस हं." ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

पॅरिसहून फोन आला तो मिनिटभराचा. बाबा ओरडून बोलत होते, पॅरिस लांब आहे म्हणून असावं. आई फोनवर आली तेव्हा मी तिला मनोरा कसा होता, जेवण काय होतं, काही विचारलं नाही. विचारलं ते एकच, "साडी नेसलीस?"

"वांगी नेसले," ती म्हणाली. "छान झालं जेवण. तू जेवलीस का?"

मी फोन ठेवला आणि चक्क रडले. इतक्या लांब जाऊन, नदीत बोटीवर बसून, जुन्या साडीत! माझ्या आईला एक संध्याकाळ तरी नवीकोरी, झळझळीत मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. आणि तिने ती घोटीच्या ओसरीपायी घालवली होती.

दोघं सुखरूप परत आले. बाबांनी घरात पाऊल टाकताच कॅमेऱ्यातला रोल काढायला घेतला, फोटो धुवायला द्यायची त्यांना घाई झाली होती. आईने कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"एक फोटो शिल्लक आहे," ती म्हणाली.

"एकाने काय होतंय? मांजराचा काढून संपवतो."

"राहू दे म्हटलं ना. बोटीवर होतो तेव्हापासून जपला आहे मी तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर आई तयार होऊन बसली होती. अंगात बदामी पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी पक्की केलेली, पायांत पांढरे बूट. मी डोळे चोळले. हा ड्रेस परदेशाबाहेर, म्हणजे आपल्या देशात, दिवसाउजेडी कधीही घालणार नाही, असं तिने मला चारदा सांगितलं होतं.

"साडी नेसत बसले असते तर पहिली गाडी चुकली असती," ती म्हणाली. "चल, आवर. कॅमेरा घे."

सीबीएस स्टँडवर आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी भेटल्या. त्यांनी आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आईने त्यांना बूट दाखवले आणि ती गाडीत चढली.

आत्या आम्हाला बघून उठून उभी राहिली. आधी तिने आईला ओळखलंच नाही. मग पुढे येऊन तिचे दंड, चेहरा, हात चाचपून पाहिले. "बरी हायेस ना? माझा भाऊ बरा हाय ना?"

"तुमचा भाऊ घरी झोपला आहे, घोरतो आहे," आई म्हणाली. ती ओसरीवर बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या, पिशवीतून मलमलची गुंडाळी काढली आणि आत्याच्या पुढ्यात ठेवून उघडली. आमसुली साडी येवल्याहून आणली तशी होती. घडी न् घडी जागच्या जागी.

आत्या बघत राहिली. "नेसली नाय तू?"

"नाही. पण आली सगळीकडे. विमानात बसली, बर्फात गेली, बोटीत बसली. पाच देश फिरून आली, घडी मोडली नाही." एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हाला आम्हा दोघांची भीती वाटत होती ना, ताई? आम्ही गेलो आणि धडधाकट परत आलो. आता कुठे जायचं नाही. आता कसली भीती आहे ते सांगा. नाहीतर ही अशीच राहील. मी नेसणार नाही, हिला देणार नाही, कपाटात कसर लागली तर लागू दे."

गिरणीचा पट्टा आत फटफट चालू होता. माझ्या जिभेवर खूप काही आलं होतं, पण या खेपेला मी तोंड उघडलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

"लय हट्टी हायेस," शेवटी आत्या म्हणाली. "पहिल्यापासून अशीच हायेस. दिसतीस तशी नाय."

ती उठली, साडी उचलली आणि आत गेली. आम्ही बाहेर बसून राहिलो. आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आत्या अंघोळ करून, ओले केस बांधून, आमसुली साडी नेसून उंबऱ्यात उभी होती. कपाळ मोकळं होतं. साडी तिला खुलेल असं आई येवल्याला म्हणाली होती, ते अगदी खरं होतं.

"काढ फोटो," आई मला म्हणाली.

मी काढला. रोल संपला, आणि कॅमेरा घरघर करत फिल्म गुंडाळू लागला.

"झालं ना? ठेवते काढून," आत्या म्हणाली.

"असं कसं? दिवसभर नेसायची असते," आई म्हणाली. "मला नियम शिकवू नका, तुम्हीच घालून दिलेत."

मग दोघी बाजारात गेल्या. एक पंजाबी ड्रेस आणि पांढऱ्या बुटांत, एक कोऱ्या रेशमी साडीत. मेथीच्या दोन जुड्या आणायला. मी मागून चालले होते. दुकानदार वाकून वाकून बघत होते आणि नेमकं कुणाकडे बघावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. आईला कुणी बघतंय याचं काहीच वाटत नव्हतं. आत्या मात्र पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

संध्याकाळी साडी परत आली. पदराच्या टोकाला तांदूळ होते. गाठ इतकी घट्ट मारली होती की ती घरी येऊन सोडवायला आईला दात लावावे लागले.

त्याच आठवड्यात मी कपाटावरचा तक्ता काढायला घेतला. चिकटपट्टी सुटेना म्हणून जवळ वाकले, तेव्हा दिसलं की पॅरिसच्या ओळीतली माझी 'आमसुली' बारीक पेन्सिलीने खोडली आहे आणि वर लिहिलं आहे, 'वांगी'. आणि अकराव्या ओळीच्या खाली, मी रेघ मारलीच नव्हती तिथे, हातानेच रेघ ओढून बारावी ओळ केली आहे. गाव, घोटी. दिवसा, 'मी, ड्रेस'. संध्याकाळी, 'ताई, आमसुली'.

हा कागद घराबाहेर गेलाच नव्हता. म्हणजे हे तिने जायच्या आधी लिहून ठेवलं होतं. ते दोघं परदेशात असताना मी रोज सकाळी त्या आरशासमोर उभी राहून केस विंचरत होते.